मानाची रांग

महाड
११ फेब्रुवारी १९६१

चि. भागोजी यास,

आशीर्वाद. धाकटा आहेस म्हणून देते. तुझं पत्र वाचून द्यायचा म्हटला असता तर शाई वाया गेली असती.

आबा गेले त्याला दीड वर्ष झालं. तेव्हा तुझ्याकडून एक तार आली, 'रजा मिळत नाही'. बाप गेल्यावर तीन शब्द, आणि आता चार पानं! चारही पानांत एकच रडगाणं, की आक्का छापखाना बुडवते आहे. मुंबईत बसून हे तुला कसं दिसलं देव जाणे. दासगावापासून पोलादपुरापर्यंत लग्नाच्या आणि दिवसकार्याच्या पत्रिका अजून ह्याच दारात येतात. मुरादभाई अजून ट्रेडल मशीनवर पाय मारतात, मी अजून शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवते. बुडायचं असतं तर सावित्रीच्या पुरात तेव्हाच बुडालो असतो.

तू लिहितोस, आबांची खिळ्यांच्या केसेसची मांडणी गावठी आहे, पाडव्याला येतो आणि मुंबईच्या पद्धतीने लावून देतो, पुढचं मी बघेन, तू स्वयंपाक बघ. वा रे वा! आबांबरोबर मी ह्या केसेससमोर उभी राहायला लागले तेव्हा तुला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती.

म्हणे इंग्रजीच्या केसेस कशा सुटसुटीत असतात! असतील. वरची थोरल्या अक्षरांची, खालची धाकट्यांची, संपला त्यांचा संसार. आपल्याला काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं. समोर दोन, डावीकडे एक, उजवीकडे एक, अशा चार केसेस मांडून माणूस मधे उभा राहतो तेव्हा कुठे एक 'श्रीगणेशाय नमः' जुळतं. आणि क, ख, ग असं पाटीवरच्यासारखं ओळीने कुणी लावत नाही. जे जास्त लागतं त्याचा खण मोठा आणि हाताशी. कान्याचा खण सगळ्यात मोठा, पोटासमोर. ङ आणि ञ पार वर, धूळ खात. हे तुला आबांनी कान पिळून शिकवलं होतं. कान तेवढा लांब झाला, आत काही शिरलं नाही.

राहिली मानाची रांग, जिच्यावर तू एक अख्खं पान खर्च केलंस. श्री., सौ., चि., रा. रा., गं. भा. हे आबांनी एकेका खिळ्यावर अखंड ओतून आणलेले, उजव्या केसमध्ये एका रांगेत. एकटा 'कै.' त्या रांगेत नाही. तो डाव्या केसच्या सगळ्यात वरच्या कोपऱ्यात. तिथे आबांचासुद्धा हात सहज पोचत नसे, मी तर बुटकी. "कै. घेताना माणसाला टाचा उचलाव्या लागल्या पाहिजेत," असं ते म्हणायचे. "म्हणजे हाताला कळतं, आपण काय घेतोय." तू ह्याला 'वेळेचा अपव्यय' म्हणतोस. असेल. आबांच्या दिवसकार्याची पत्रिका मी एकटीने जुळवली. त्यांच्या नावासाठी टाचा उचलल्या, आणि खाली यायला मला बराच वेळ लागला. तू तेव्हा रजा मागत होतास.

यायचं तर ये, घर तुझंही आहे. पण खालच्या फळीवर दोऱ्याने बांधून ठेवलेला एक मजकूर आहे, थोरल्या टाइपातला. त्याला हात लावायचा नाही. तो आबांचा आहे. काय आहे ते विचारायचंही नाही.

आक्का

महाड
२७ मार्च १९६१

भागोजी यास,

हे पत्र तू उभ्याने वाच. बसून वाचण्याइतकी तुझी लायकी नाही.

मी पोलादपूरला चुलत नणंदेच्या बाळंतपणाला गेले, तेवढ्यात तू आलास. वा, काय साधलंस! मी परत आले तर वीस तारखेच्या सत्याग्रह-दिनाची तळ्यावरची गर्दी कालच ओसरलेली, एस. टी. स्टँडवर पाय ठेवायला जागा झालेली, आणि त्या गर्दीतून तू पसार. छापखान्यात शिरले, सवयीने 'र' घ्यायला हात घातला आणि बोटांत 'थ' आला. 'त' घ्यायला गेले, तिथे विसर्ग! दोन दिवस मी आंधळ्यासारखी चाचपडत होते. सगळं उपसून आबांच्या जागी परत लावलं, तेव्हा हातांना घर सापडलं.

थोरल्या टाइपाची केस रिकामी! मुरादभाई म्हणाले, "भागोजीने पोत्यात भरून नेलंय. झिजलंय म्हणाला, मुंबईला नवीन ओतून आणतो." नवीन ओतून! चांगला धारदार टाइप होता तो, आबांनी जिवापाड जपलेला. फळीवरचा बांधलेला मजकूर तेवढा राहिला, कारण मुरादभाई स्वतः त्याच्यापुढे स्टूल टाकून बसले होते. तेव्हा तू त्यांना काय काय बोललास ते त्यांनी सांगितलं नाही. विसरले म्हणून नाही, तुझी लाज वाटली म्हणून.

हे सगळं मी गिळलं असतं. पण परवा दासगावचे मालोजीराव आले.

ते दारातच उभे राहिले. हातात पत्रिका, तोंड काळंठिक्कर. मी म्हटलं, "बसा." म्हणाले, "बसायला नाय आलो. माझा सहदेव कधी गेला, त्येवढं सांग."

मला कळेचना. त्यांनी पत्रिका पुढे धरली. तुझ्या हातची, तुझ्या मुंबईच्या पद्धतीची, वेलबुट्टीची पत्रिका. वर गणपती, खाली 'शुभविवाह', आणि त्याखाली ठळक अक्षरांत, 'कै. सहदेव मालोजीराव यांचा विवाह पोलादपूर येथील चि. सौ. कां. रखमा हिच्याशी'.

भागोजी, मेल्या, जिवंत नवऱ्यामुलाला तू पत्रिकेत मारलास!

मी समजून चुकले ना, कसं झालं ते. तू 'कै.' कोपऱ्यातून उचलून मानाच्या रांगेत 'चि.'च्या शेजारी आणून बसवलास. सोयीचं म्हणून. बरोबर आहे, फारच सोयीचं! हात गेला, शेजारचा खिळा आला, टाचा जमिनीलाच. प्रूफ काढलं नाहीस. मुरादभाईंना मराठी वाचता येत नाही, पण डोळे आहेत. ते म्हणाले, "ह्या जागेवर नेहमी असतंय ते अक्षर हे नाय वाटत." आणि तू त्यांना काय म्हणालास? "चाचा, तू पाय मार." त्यांनी पाय मारला. तू पत्रिका गाडीत टाकून दासगावला पोचवल्यास आणि चहा पिऊन निघालास.

मालोजीरावांनी वाचायला चष्मा लावायच्या आधी अर्ध्या पत्रिका वाटल्याही गेल्या. एक पोलादपूरला मुलीच्या घरी. तिच्या बापाने ती दारातच फाडली आणि सांगून पाठवलं, असला अपशकून झालेल्या घरात पोर देणार नाय.

मालोजीराव गडी मोठा. पंचायतीत बोलला तर समोरच्याला घाम फुटतो. तो माझ्या उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, "प्रयागबाई, तुझ्या बापानं माझ्या बापाच्या दिवसांचं छापलं, माझ्या लग्नाचं छापलं. एक मात्रा हलली नाय कवा. आता सारा गाव म्हणतोय, सयाजीचा छापखाना मसणात गेला. लग्न मोडलं तर तुझ्या दाराला मी टाळं लावीन." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या टाळ्यापेक्षा त्या पाण्याचं जास्त लागलं.

हे तुझ्या मोठ्या प्रेसमधल्या तुझ्या मोठ्या साहेबाला दाखव. बघ काय म्हणतो.

प्रयागबाई

पोलादपूर
६ एप्रिल १९६१

भागोजी यास,

इथे रखमाच्या घरी पडवीत बसून लिहिते आहे. घरातून भांडणाचा आवाज येतोय. तूही ऐकला असतास तर बरं झालं असतं, पण तुला रजा मिळत नसेल.

मी स्वतः आले. मालोजीराव नको म्हणत होते, "बाईमाणसानं कशाला" म्हणाले. मी म्हटलं, छापखाना बाईमाणसाचा आहे, बोलणी बाईमाणसानेच खायची. पहिल्या गाडीने आले. रखमाच्या बापाने मला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. म्हणाला, "पयला सांग, हे मुद्दाम केलंस का?" मी म्हटलं, "भावाने केस बदलली, त्यात हे झालं."

घरातली म्हातारी, ठकूबाई, रखमाची आजी, चुलीपुढून ओरडली, "भावानं केस बदलले तर टक्कल करून घेऊ दे की मेल्याला! लग्नाच्या पत्रिकेशी त्येचा काय संबंध?"

रखमाचा बापसुद्धा हसला. रागावलेला माणूस हसला की पुन्हा पहिल्यासारखा रागावत नाही. मग मी म्हातारीला सगळं नीट सांगितलं. अक्षरांचे खण म्हणजे काय, मानाची रांग कुठली, आबांनी 'कै.' पार कोपऱ्यात का ठेवला होता आणि तो खाली कसा उतरला. ऐकता ऐकता तिने भाकरी करपवली.

मग ती हात पुसत बाहेर आली. "म्हंजे सयाजीनं मरणाला वर टांगून ठेवलं हुतं," म्हणाली, "आन् त्या पोरानं खाली आणून नवऱ्यामुलाच्या शेजारी बसवलं. कसला रे अवलादी!" हे तुझ्याबद्दल. मी 'हो' म्हटलं.

मग ती लेकाकडे वळली. "आन् तू रे? खोटी मेल्याची बातमी उठली तर आयुष्य वाढतं, ठाव नाय का तुला? ह्येचं तर छापून आलंय. आता यमाला दासगावात उतरायला गाडी नाय मिळायची. माझ्या रखमाला असला नवरा पुन्हा गावणार हाय का?"

तिचा लेक म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

"लोकांनी वाचलं 'कै.'. आता लोकांना 'चि.' वाचू दे. पण असा मोठा पायजे." तिने अंगठा वर केला. "अंगठ्याएवढा. गावात माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना लांबून दिसला पायजे. बारीक अक्षरातली पत्रिका आली तर मी म्हनीन, चोरून लाज झाकत्यात. मग लग्न नाय."

आता तिचा लेक ऐकतोय, रखमा मागच्या दारात रडतेय, आणि म्हातारी ठाम आहे. वैशाखातली तिथी ठरलेली आहे, ती बदलणार नाही. थोरल्या अक्षरांतली नवीन पत्रिका आठ दिवसांत घरोघर गेली पाहिजे. माझ्याकडचा थोरला टाइप कुठे आहे ते तुला ठाऊक आहे.

हे पत्र मिळताच ते पोतं एस. टी. पार्सलने पाठव. निदान 'चि.' आणि 'शुभविवाह' एवढं तरी. आयुष्यात एकदा माणसासारखा वाग. बहीण म्हणून मागत नाही, ते नातं तू पोत्यात भरून नेलंस. एका पोरीचं लग्न आणि आबांच्या दाराला लागणारं टाळं, एवढ्यासाठी मागते.

प्रयागबाई

महाड
९ मे १९६१

भागोजी,

तुझं कार्ड अकरा एप्रिललाच आलं होतं. 'टाइप विकला, शिशाच्या भावाने गेला, नाइलाज.' म्हणजे झिजलाही नव्हता आणि ओतायलाही नेला नव्हतास, सरळ विकलास! त्या कार्डात तुला माझी 'क्षमा' मागावीशी वाटली नाही, पण 'उरलेला टाइप आणि केसेस पाठव, वारस मी आहे' हे लिहायला जागा पुरली. आणि आता हे दुसरं पत्र. मुंबईतलं काम सुटलंय हे तू पहिल्या पत्रात लपवलं होतंस, आता वैतागून लिहून गेलास. म्हणे केसेस दिल्या नाहीत तर कोर्टात केस करीन.

कर की. ठकूबाईला सांगायला हवं, ही तिसऱ्या प्रकारची केस. इथल्या वकिलांना मी विचारलंय. छप्पन सालापासून बापाच्या कमाईत मुलीचाही वाटा आहे, आणि छापखाना आबांच्या कमाईचा आहे, खापरपणज्याचा नाही. तू केस करायला महाडला येशील तेव्हा मालोजीरावांना आधी कळव. ते तुझी वाट बघताहेत. सहदेवही. तू मारलेला मुलगा चांगला धष्टपुष्ट आहे, नांगर खांद्यावर घेऊन चढण चढतो. त्याला तुला भेटायचंच आहे, एकदा हात लावून बघायचंय म्हणतो.

लग्न झालं. थाटात झालं. मी आणि मुरादभाई दोघं गेलो होतो. त्यांच्या घरच्या रहिमाभाभींनी रखमासाठी बांगड्या पाठवल्या. ठकूबाईने मंडपात सगळ्यांना पत्रिका दाखवली, उंच धरून, लांबून. "वाचा, वाचा," म्हणत होती, "ह्यो घ्या अंगठ्याएवढा चि.!" आणि मालोजीरावांनी पंगतीत सगळ्यांसमोर सांगितलं, की सयाजीच्या छापखान्यातनं धाकट्या लेकीचंही छापीन. टाळ्याचं कुणी बोललं नाही.

आता तू विचारशील, थोरल्या अक्षरांतला 'चि.' कुठून आला. सांगते. एवढं सांगितल्यावर मला तुला काहीच सांगायचं उरणार नाही.

फळीवर दोऱ्याने बांधलेला तो मजकूर. मुरादभाई ज्याच्यापुढे स्टूल टाकून बसले तो. ती तुझ्या लग्नाची पत्रिका होती.

तू मुंबईला गेलास तेव्हा आबांना सांगून गेलास, पुढच्या वैशाखात येतो, तुम्ही म्हणाल तिथे लग्न करतो. आबांनी त्याच आठवड्यात थोरला टाइप काढला आणि जुळवून ठेवली. थोरल्यात 'शुभविवाह' आणि 'चि. भागोजी', साध्या अक्षरांत 'यांचा विवाह'. पुढे वधूच्या जागी कोरे खिळे, कारण वधू ठरायची होती. खाली साध्यातच साल. मग तू आला नाहीस. पाडवा आला की आबा दोरा सोडायचे, सालाचा आकडा बदलायचे, फडक्याने अक्षरं पुसायचे आणि पुन्हा बांधून ठेवायचे. थोरला टाइप अडकून पडायचा. कधी कुणाची मोठी पत्रिका आली तर अक्षरं कमी पडायची. मी म्हणायचे, "सोडू या ना आबा." ते म्हणायचे, "येईल. मग घाईत चुका होतात." आकडा एकोणसाठवर थांबला, कारण त्यानंतरच्या पाडव्याला आबा नव्हते. मी तो बदलला नाही. पण दोराही सोडला नाही. मूर्ख मी, वाटायचं, तू येशील आणि बघशील.

तू आलास. सरळ त्याच्या शेजारून जाऊन बाकीचा टाइप पोत्यात भरलास.

तुझं कार्ड आलं त्या दिवशी मुरादभाईंनी दिवा जवळ आणून दिला आणि बाहेर जाऊन बसले. मी दोरा सोडला. दोरा आबांच्या बोटांतल्या शाईने काळा झालेला होता. आधी 'शुभविवाह' काढलं, मग 'चि.' काढला, आणि त्यांच्यात सहदेवचं नाव साध्या अक्षरांतलं बसवलं. प्रूफ काढलं, तीनदा वाचलं. मुरादभाईंनाही दाखवलं. "आता नेहमीसारखं दिसतंय," म्हणाले.

मी रडले नाही असं लिहिणार होते. रडले. तुझ्यासाठी नाही.

लग्न उरकल्यावर खिळे परत खणात टाकले. 'कै.' केव्हाच वरच्या कोपऱ्यात गेला आहे. तिथून तो आता कुणी खाली आणणार नाही. 'चि.' धुऊन उजव्या केसमध्ये मानाच्या रांगेत ठेवला. ह्या पत्राच्या वर तो नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

तू मागतोस ती थोरल्या टाइपाची केस हवी असेल तर घेऊन जा. बाकी सगळं तू आधीच विकलं आहेस. त्या केसमध्ये आता 'शुभविवाह'ची अक्षरं आणि तुझ्या नावाची अक्षरं तेवढी आहेत. भ, ग, ज, दोन काने, एक मात्रा, एक वेलांटी. त्यांनी दुसऱ्या कुणाचं नाव जुळत नाही, म्हणून तशीच पडून आहेत. हवी तर ती सगळी ने.

'चि.' मिळणार नाही.

प्रयागबाई